इटालियन पोलीसपट, १९६८ ते १९८०: पैसा कुठून आला, कॅमेरा कसा चालला, आवाज कुठे भरला

रीळबदल

सत्तरच्या दशकातल्या इटालियन पोलीसपटांवर, म्हणजे ज्यांना 'पोलित्सियोत्तेस्की' म्हणतात त्या चित्रपटांवर, आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं ते मिशीवाला कमिशनर, हाणामारी आणि झकास पार्श्वसंगीत यांच्यापुढे फारसं जात नाही. झूम इतका का, ओठ आणि शब्द का जुळत नाहीत, सगळ्या चित्रपटांची नावं एकसारखी का? माझं म्हणणं असं की याची उत्तरं दिग्दर्शकाच्या शैलीपेक्षा निर्मात्याच्या हिशेबात आणि कॅमेऱ्याच्या पेटीत जास्त सापडतात. त्यासाठी हा धागा.

आधी इतिहास, थोडक्यात. इटलीत गुन्हेपट सत्तरीत अचानक उगवले नाहीत. पिएत्रो जेर्मी यांनी १९४९ मध्येच सिसिलीतल्या माफियावर 'इन नोमे देल्ला लेज्जे' केला होता. १९५९ च्या 'उन मालेदेत्तो इंब्रोल्यो' मध्ये तर इन्स्पेक्टरची भूमिका त्यांनी स्वतःच केली. पण ज्या साच्यातून पुढचे पोलीसपट निघाले, तो साचा मला १९६८ च्या 'बांदिती आ मिलानो' मध्ये दिसतो. २५ सप्टेंबर १९६७ रोजी काव्हाल्लेरो टोळीने मिलानमध्ये बँक लुटली आणि पळताना भर रस्त्यात गोळीबार केला. निरपराध माणसं मेली. कार्लो लिद्झानी यांनी काही महिन्यांत त्यावर चित्रपट उभा केला, तोही त्याच शहराच्या रस्त्यांवर आणि सुरुवातीला मुलाखती घेणाऱ्या वार्तापटासारखा. टोळीचा म्होरक्या जान मारिया व्होलोन्ते, पोलीस अधिकारी तोमास मिलियान. वर्तमानपत्रातली बातमी, खरं शहर, गाड्यांचा पाठलाग आणि हतबल पोलीस, हे चारही घटक इथे एकत्र आहेत.

मग १२ डिसेंबर १९६९ ला मिलानच्या पियाझ्झा फोंतानात बँकेत बॉम्ब फुटला आणि १७ जण गेले. पुढच्या दहा वर्षांतली अपहरणं, खून, बँकदरोडे हा या चित्रपटांचा कच्चा माल. १९७२ मध्ये स्तेनो यांचा 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' तुफान चालला. स्तेनो हे विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक, पण या चित्रपटावर त्यांनी स्तेफानो व्हान्झिना हे खरं नाव लावलं. त्याच वर्षी फेर्नांदो दि लेओ यांचा 'मिलानो कालिब्रो ९' आला. धरण तिथून फुटलं.

मध्यंतर

चांगला विषय. एक गोष्ट सुरुवातीलाच मांडून ठेवतो, कारण ती पुढे येणारच. या चित्रपटांना त्या काळच्या समीक्षकांनी सरसकट 'फॅसिस्ट' ठरवलं. काहींच्या बाबतीत आक्षेप रास्त आहे. कायदा हात बांधतो म्हणून कमिशनरने थेट गोळी घालावी, हे मौरित्सियो मेर्लीच्या चित्रपटांचं सूत्रच आहे. पण ज्या चित्रपटाने लाट सुरू केली तो याच्या नेमका उलट आहे. 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' मध्ये गुन्हेगारांना परस्पर संपवणारी गुप्त टोळी हीच खलनायक आहे. तिच्यात माजी पोलीस अधिकारी आहेत आणि एन्रिको मारिया सालेर्नोचा कमिशनर तिच्या मुळाशी जाताना मारला जातो. दि लेओंच्या 'कालिब्रो ९' मध्ये दोन पोलीस अधिकारी खोलीत बसून गुन्ह्याच्या सामाजिक कारणांवर भांडतात, एक उजवा (फ्रँक वुल्फ) आणि एक डावा (लुईजी पिस्तिल्ली). सेर्जो मार्तिनो यांच्या १९७५ च्या 'ला पोलित्सिया अक्कुझा' मध्ये गुप्तचर खात्यातले लोकच सत्तापालटाचा कट करतात. सगळ्यांना एका पोत्यात भरणं हा या चित्रपटांवर अन्याय आहे.

हुंडीवाला

रीळबदल, हिशेबाचा मुद्दा मी उचलतो, कारण सगळं तिथून निघतं.

हिंदी चित्रपटांचा 'टेरिटरी' (वितरणाचा प्रदेश) आणि 'एमजी'चा (किमान हमी रकमेचा) धंदा ज्यांना माहीत आहे त्यांना इटलीचं गणित लगेच कळेल. मोठ्या वितरण कंपन्यांच्या खाली रोम, मिलान, नापोली, बोलोन्या अशा शहरांतून आपापला प्रदेश सांभाळणारे प्रादेशिक वितरक होते. निर्माता त्यांच्याकडे चित्रपट घेऊन जात नसे. तो नाव, पोस्टरचं चित्र, दोन-तीन नट आणि पानभर कथा घेऊन जाई. वितरक किमान हमी रकमेचा करार करी आणि पैसे रोख न देता वचनचिठ्ठ्या देई. निर्माता त्या बँकेत वटवून, म्हणजे व्याज आधीच कापून घेऊन, चित्रीकरण सुरू करी. सोबत फ्रेंच किंवा पश्चिम जर्मन सहनिर्माता मिळाला तर तो आपला एक नट आणि आपला बाजार घेऊन येई.

याचे परिणाम पडद्यावर मोजता येतात. नाव हेच विकायचं असल्यामुळे ते ओळखीचं हवं. म्हणून 'ला पोलित्सिया' ने सुरू होणारी रांग: पोलीस आभार मानतात, पोलीस पकडतात आणि कायदा सोडतो, पोलीस बघत बसतात, पोलीस मदत मागतात. ती आटल्यावर शहरांची रांग, सोबत 'व्हियोलेंता' म्हणजे हिंसक: 'रोमा व्हियोलेंता' (१९७५), 'नापोली व्हियोलेंता' (१९७६), 'तोरिनो व्हियोलेंता' (१९७७). मधेच 'आ मानो आर्माता', म्हणजे सशस्त्र: रोम, जेनोवा, अख्खी इटली, तिन्ही १९७६ चे.

नटांचंही तेच. एन्झो जी. कास्तेल्लारी यांनी १९७३ मध्ये जेनोवात 'ला पोलित्सिया इन्क्रिमिना, ला लेज्जे अस्सोल्व्हे' केला तेव्हा फ्रँको नीरोच्या जोडीला फेर्नांदो रेला घेतलं. दोनच वर्षांपूर्वी 'द फ्रेंच कनेक्शन' मध्ये तो दिसला होता, त्यामुळे परदेशी खरेदीदाराला वेगळं काही समजावायला नको. हेन्री सिल्वा, वुडी स्ट्रोड, ऑलिव्हर रीड हे इंग्रजी बोलणारे नट इटलीत दिसतात ते याच गणिताने. नीरोशी चेहरा मिळतो म्हणून मौरित्सियो मेर्लीला वाट मिळाली, आणि १९७५ च्या 'रोमा व्हियोलेंता' पासून कमिशनर बेत्ती म्हणून त्याने ती स्वतःची करून घेतली.

ही साखळी तुटली की काय होतं त्याचं उदाहरण मारिओ बावा यांचा 'कानी आर्राब्बियाती'. १९७४ चं चित्रीकरण. निर्मात्याचं दिवाळं निघालं, रिळं जप्त झाली आणि चित्रपट लोकांसमोर यायला नव्वदचं दशक उजाडलं. तोवर बावा हयात नव्हते. जवळजवळ अख्खा चित्रपट एका धावत्या गाडीत घडतो, आणि माझ्या मते या सगळ्या पिढीतला तो सर्वांत घट्ट विणलेला आहे.

दोन_छिद्रे

आता कॅमेरा.

इटालियन टेक्निकलरने १९६० च्या आसपास 'टेक्निस्कोप' आणलं. ३५ मिमी निगेटिव्हवर एका चौकटीला नेहमी बाजूची चार छिद्रं लागतात, इथे दोनच. चौकट अर्ध्या उंचीची, म्हणजे आपोआप रुंद, आणि त्यासाठी महागडी अ‍ॅनामॉर्फिक भिंगंही (प्रतिमा आडवी दाबून टिपणारी) नकोत. साधी गोल भिंगं लावून चित्रीकरण करायचं आणि प्रिंट काढताना प्रयोगशाळेत प्रतिमा ताणून २.३५:१ चा रुंदपट बनवायचा.

गणित बघा. ४०० फुटांचं मॅगझिन चार छिद्रांवर, सेकंदाला २४ चौकटींनी, ४ मिनिटं २६ सेकंद चालतं. दोन छिद्रांवर तेच ८ मिनिटं ५३ सेकंद. दीड तासाचा चित्रपट म्हणजे चार छिद्रांवर ८,१०० फूट. दहापट चित्रीकरण केलं तर ८१,००० फूट निगेटिव्ह. टेक्निस्कोपमध्ये त्याचं निम्मं, आणि निगेटिव्ह धुण्याचा खर्चही निम्मा. शिवाय रस्त्यावर चोरून चित्रीकरण करताना रीळ बदलायला दर चार मिनिटांनी थांबावं लागत नाही, हा फायदा पैशांत धरलेला नसतो.

तोटे तिथेच. चौकट लहान, त्यामुळे मोठी करताना कण वाढतात. गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत, अडकलेला केस किंवा धूळ पडद्यावर दुप्पट मोठी दिसते, म्हणून प्रत्येक शॉटनंतर गेट तपासायचं. दिवे कमी असल्याने रात्रीच्या दृश्यात फिल्म कमी उजेडात टिपून प्रयोगशाळेत जास्त वेळ डेव्हलप केली, की सावल्या राखाडी होतात आणि कण उकळल्यासारखे हलतात. टेक्निकलरच्या रंग-हस्तांतर पद्धतीने प्रिंट निघत तोवर हे बरंच झाकलं जायचं. ती पद्धत मागे पडली तसं मधल्या प्रतीवरून प्रिंट काढणं आलं आणि उणिवा उघड्या पडल्या. सगळे पोलीसपट या पद्धतीचे नाहीत, हेही लक्षात ठेवा. 'मिलानो कालिब्रो ९' साध्या १.८५:१ मध्ये आहे.

झूमबद्दल. आंजेन्यू कंपनीचं २५ ते २५० मिमीचं दहापट झूम भिंग या काळात सगळीकडे आहे. ट्रॉलीचे रूळ टाकायचे म्हणजे जमीन सपाट करा, रूळ जुळवा, दोन माणसं ढकलायला, तालमी. अर्धा दिवस गेला. झूमला एक हात पुरतो. रोमच्या फुटपाथवर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून २५० मिमीवर नटाला गर्दीत चालताना टिपायचं आणि लोकांना कॅमेरा दिसायच्या आत काम आटपायचं. मागे वळून बघणारे पादचारी तरीही सापडतात, ते खरे पादचारी आहेत.

पण या भिंगाचं तोंड f/३.२ इतकंच उघडतं (आकडा मोठा तितका उजेड कमी), आणि काचा इतक्या की प्रत्यक्षात उजेड T३.९ इतकाच पोचतो. त्या काळची ईस्टमनची ५२५४ फिल्म १०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता). १०० एएसएला f/२.८ वर १०० फूट-कँडल उजेड लागतो, म्हणजे या झूमला जवळजवळ २००. रात्रीच्या रस्त्यावर तेवढा उजेड पाडायला जनरेटर आणि आर्क दिवे हवेत. म्हणूनच रात्र आली की झूम गायब होतो आणि साध्या स्थिर भिंगांवर काम चालतं. पुढच्या वेळी बघताना तपासून पाहा.

ध्वनिरेषा

ओठ न जुळण्याचं कारण वरच्या प्रतिसादातच दडलेलं आहे. हातात धरता येणारा अ‍ॅरीफ्लेक्स २सी कॅमेरा शिलाई मशीनसारखा खडखडतो. तोच कॅमेरा मुंबईतही अनेक वर्षं मुख्य घोडा होता आणि आपल्याकडेही त्यामुळेच सगळं डब व्हायचं. फरक इतकाच की मुंबईत बहुतेक नट स्वतःचा आवाज स्वतः भरत, इटलीत तो बऱ्याचदा दुसऱ्याचा असे.

पद्धत अशी. चित्रीकरणात फार तर मार्गदर्शक, म्हणजे फक्त संदर्भापुरता, ध्वनी घ्यायचा. अमेरिकन नट इंग्रजीत, इटालियन इटालियनमध्ये, फ्रेंच फ्रेंचमध्ये बोलतो. संकलन झाल्यावर चित्रपटाचे छोटे तुकडे करतात, त्याला 'आनेल्लो' म्हणजे कडं म्हणतात, कारण तुकड्याची टोकं जोडून तो पुन्हा पुन्हा फिरवता येतो. रूपांतरकार प्रत्येक कड्यासाठी संवाद बसवतो: प, ब, म हे ओठ मिटणारे वर्ण जिथे दिसतात तिथे तसाच वर्ण हवा, आणि वाक्य तोंड बंद व्हायच्या आत संपायला हवं. डबिंग कलाकार उभ्या टेबलापाशी अंधारात दोनदा-तीनदा कडं बघतो आणि बोलतो. मग पावलं, दरवाजे, गोळ्या वेगळ्या पट्टीवर भरतात. संवादाशिवायची ही पट्टी परदेशी विक्रीसाठी लागते, कारण तिच्यावर कुठलीही भाषा चढवता येते.

बिघडतं कुठे? इंग्रजी वाक्यापेक्षा इटालियन वाक्य लांब होतं, म्हणून हेन्री सिल्वा कधीकधी श्वास न घेता बोलतो. बंद स्टुडिओतला आवाज रस्त्याच्या दृश्यावर कोरडा वाटतो, म्हणून खाली वाहतुकीचा तोच तो आवाज सतत चालू ठेवतात. कान दिला तर तोच हॉर्न परत ऐकू येतो. कथेतला खड्डा संकलनात लक्षात आला तर नटाची पाठ दिसणारा शॉट शोधून त्याच्या तोंडी खुलासा घालतात. या चित्रपटांत महत्त्वाची माहिती पाठमोरी माणसं इतकी का देतात, त्याचं हे कारण.

आणि हा नुसता तोटा नाही. तोमास मिलियान मूळचा हवानाचा. १९७६ पासून त्याने रंगवलेला शिवराळ रोमन 'मोन्नेझ्झा' आणि पोलीस अधिकारी निको जिराल्दी रोमच्या लोकांनी आपले मानले, ते फेर्रुच्चो आमेंदोलाच्या आवाजामुळे. हेच आमेंदोला इटालियनमध्ये डी नीरो, पचिनो आणि हॉफमन यांचाही आवाज. एका भूमिकेचे दोन कलाकार असतात, हे तिथल्या प्रेक्षकाने गृहीत धरलेलं आहे.

हुंडीवाला

संगीताचाही हिशेब याच वहीत जोडून घ्या. ध्वनिमुद्रणाचा खर्च बऱ्याचदा निर्माता करत नसे. संगीत प्रकाशक संस्था, 'काम' ही त्यातली मोठी, संगीतकार आणि वादकांचे पैसे देई आणि बदल्यात स्वरांचे हक्क घेई. हक्क हातात असले की तीच धून दुसऱ्या चित्रपटातही वापरता येते. स्तेल्व्हियो चिप्रियानी यांची 'ला पोलित्सिया स्ता आ ग्वार्दारे' (१९७३) ची धून 'तेंताकोली' या १९७७ च्या समुद्री राक्षसपटातही वाजते, आणि २००७ मध्ये टॅरँटिनोने ती 'डेथ प्रूफ' मध्ये घेतली. याउलट 'कालिब्रो ९' साठी लुईस बाकालोव्ह यांनी नापोलीच्या 'ओझान्ना' या रॉक बँडला ऑर्केस्ट्रासोबत बसवलं. तो खर्च ऐकू येतो.

चौथा_गिअर

पाठलागावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

वेग कॅमेऱ्यात बनतो. २सीची मोटर कमीजास्त वेगाने फिरवता येते. २४ ऐवजी १८ चौकटींनी चित्रीकरण केलं आणि २४ ने दाखवलं, की ताशी ६० किलोमीटरची गाडी ८० ने गेल्यासारखी दिसते. उघडझाप सेकंदाच्या १/४८ ऐवजी १/३६ होते, म्हणून भिंग सुमारे ०.४ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) बंद करायचं, नाहीतर तुकडे जोडल्यावर आकाश मधेच पांढरं पडतं. चूक होते ती पार्श्वभूमीत. चौकटीत पादचारी असेल तर तो टुणटुण चालतो, एक्झॉस्टचा धूर फुर्रकन उडतो, आणि उडी मारलेली गाडी खेळण्यासारखी हलकी होऊन पडते. म्हणून पाठलागाचे शॉट १८ किंवा २० ने, आणि आदळण्याचे २४ ने किंवा त्याहून जास्त चौकटींनी. कास्तेल्लारी आदळण्याला कॅमेऱ्याचा वेग वाढवतात, म्हणजे पडद्यावर ते संथ होतं.

दुसरं, कॅमेरा कुठे. बंपरजवळ, डांबरापासून वीतभर वर, १८ मिमीसारखं रुंद भिंग लावलं की रस्ता अंगावर येतो. तोच शॉट लांब भिंगाने समोरून घेतला तर गाडी जागची हलत नाही असं वाटतं. रुंद भिंगाचा आणखी एक फायदा म्हणजे बॉनेटवर पट्ट्यांनी आवळलेल्या कॅमेऱ्याची थरथर त्यात कमी दिसते.

परवानगी हा वेगळा विषय. रुजेरो देओदातो यांच्या १९७६ च्या 'उओमिनी सी नाशे पोलित्सियोत्ती सी मुओरे' च्या सुरुवातीचा मोटारसायकलींचा लांबलचक पाठलाग रोमच्या वाहत्या रहदारीत परवानगीशिवाय घेतला, असं स्वतः देओदातो यांनीच सांगितलं आहे. तो बघताना छाती धडधडते, कारण मधली माणसं खरोखर बाजूला उड्या मारत आहेत. कौतुक करावं असा हा प्रकार नाही, हेही स्पष्ट म्हणतो.

कास्तेल्लारी यांच्या 'इल ग्रांदे राकेट' (१९७६) मध्ये फाबियो तेस्ती बसलेली गाडी उतारावरून गडगडते आणि आपण आतून बघतो. त्यासाठी गाडीचा सांगाडा आसाभोवती फिरेल असा बसवून कॅमेरा गाडीसोबत फिरवला. त्यामुळे चौकटीत माणूस आणि काचा भिरभिरतात आणि गाडी स्थिर राहते. संगणक नसताना या शॉटला आजही तोड नाही.

गोळी लागण्याचं तंत्र थोडक्यात: अंगाला चामड्याची गादी, तिच्यावर धातूची चकती, चकतीवर विजेने पेटणारा छोटा स्फोटक, त्यावर रबरी पिशवीत रक्त. सदरा आतल्या बाजूने कातरून वरून रंगवून घ्यावा लागतो, नाहीतर कापड फुगतं पण फाटत नाही. तारा पँटीच्या पायातून खाली, म्हणून पडणारा नट कुठल्या बाजूला पडणार ते आधी ठरवायचं.

अनुस्वार

हे सगळं १९८० च्या आसपास थांबलं का? मिलियानचे विनोदी पोलीसपट तर १९८४ पर्यंत येत होते.

रीळबदल

हो, जिराल्दीचे ११ चित्रपट झाले, १९७६ ते १९८४. पण पहिला 'स्क्वाद्रा आंतिशिप्पो' पोलीसपट आहे आणि शेवटचे सरळ विनोदी. लाट विनोदात विरघळली.

कारण पुन्हा थिएटरचंच. १९७६ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने स्थानिक खासगी टीव्ही वाहिन्यांना वाट मोकळी केली, आणि त्या वाहिन्या दिवसभर चित्रपट दाखवू लागल्या. १९७५ मध्ये इटलीत ५० कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली होती. १९८० मध्ये २५ कोटींच्याही खाली. पहिल्या धावेची, म्हणजे नवा चित्रपट आधी लागतो ती, मोठी थिएटरं टिकली. उपनगरातली आणि खेड्यातली दुसऱ्या-तिसऱ्या धावेची थिएटरं बंद पडली, आणि पोलीसपटांचा वितरक जगत होता तो नेमका त्यांच्यावर. हमी रक्कम देणाराच उरला नाही. त्यात १६ मार्च १९७८ ला माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं अपहरण आणि ९ मे ला त्यांचा मृतदेह. त्यानंतर रस्त्यावरच्या गोळीबाराची करमणूक करणं अवघड झालं. गुन्हेकथा टीव्हीवर गेली: १९८४ ची 'ला पियोव्हरा', दिग्दर्शक दामियानो दामियानी, जे १९६८ पासून माफियावर चित्रपट करत होते.

मध्यंतर

नवीन कुणाला सुरुवात करायची असेल तर 'बांदिती आ मिलानो', मग 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया', मग 'कालिब्रो ९', मग उंबेर्तो लेन्झी यांचा 'मिलानो ओदिया' (१९७४). शेवटचा हिंसेच्या दृष्टीने फार कठोर आहे. मिलियानने त्यात साकारलेला भेकड आणि क्रूर गुन्हेगार मोन्नेझ्झाच्या चाहत्यांना ओळखू येणार नाही. मेर्ली त्यानंतर, 'रोमा आ मानो आर्माता' पासून.

अनुस्वार

धन्यवाद. माझ्याकडच्या 'कालिब्रो ९' च्या जुन्या प्रतीची लांबी दिलेल्या लांबीपेक्षा तीन-चार मिनिटांनी कमी आहे. कापलेली प्रत म्हणायची का? आणि भाषा कुठली निवडू?

ध्वनिरेषा

लांबीवरून लगेच ठरवू नका. युरोपातल्या पाल व्हिडिओवर २४ चौकटींचा चित्रपट २५ ने चालतो. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित पातळ होतो. फरक चार टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुधा काहीच कापलेलं नाही. त्याहून जास्त असेल तर मात्र शंका घ्या. त्या काळी १८ वर्षांखालच्यांना बंदी असा शिक्का बसला की टीव्हीचा बाजार बंद होई, त्यामुळे काटछाट करून १४ चा शिक्का मिळवलेल्या प्रती फिरत असत.

भाषेचं म्हणाल तर 'मूळ ध्वनी' असा काही नाहीच, दोन्ही स्टुडिओत भरलेले. 'कालिब्रो ९' इटालियनमध्येच बघा, कारण गास्तोने मोस्किन आणि बाकीचे बहुतेक जण इटालियन बोलताहेत आणि ओठ जुळतात. ऑलिव्हर रीडचा 'रिव्हॉल्व्हर' (१९७३) मात्र मी इंग्रजीत बघायला सांगेन. रीडचा स्वतःचा आवाज तिथेच मिळतो.

दोन_छिद्रे

आणि टेक्निस्कोपचा चित्रपट नव्या डिस्कवर गुळगुळीत, मेणाचे चेहरे असल्यासारखा दिसला तर ती चांगली प्रत समजू नका. दोन छिद्रांच्या निगेटिव्हमध्ये कण असणारच. ते पुसताना कापडाचा पोत, पावसाळी रस्त्याची चमक आणि केसांची टोकं सोबत जातात. टीव्हीवरचे 'आवाज कमी करा' आणि 'हालचाल गुळगुळीत करा' हे दोन्ही पर्याय बंद करून बघा. इथला 'आवाज' म्हणजे चित्रातले कण.